सावलीचा कागद

१

आमच्या ऑफिसात माझ्या टेबलावरचा दिवा डाव्या हाताला असायचा, आणि तो तिथेच असला पाहिजे यावरून मी आजवर तीन सफाईवाल्यांशी भांडले आहे. उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या उजवीकडे दिवा ठेवला की हाताची सावली रेघेवर पडते आणि रेघ चुकते. ही अक्कल मला इमारतींचे नकाशे काढणाऱ्या एका कचेरीत चोवीस वर्षं मान मोडून काम केल्यावर आली. पुढे ती कचेरी बंद पडली आणि मी ह्या सहलींच्या ऑफिसात आले. मागची खोली मिळाली, खिडकी नसलेली. भर दुपारी दिवा लावून बसावं लागायचं.

वाळवंटात एक जुनं शहर आहे. पिवळ्या दगडाचं, मधोमध टेकडीवर किल्ला आणि खाली बोळच बोळ. आमच्या मालकांच्या तीन दिवसांच्या सहलींत सगळ्यात जास्त माणसं तिथेच जातात. थंडीतसुद्धा तिथलं दुपारचं ऊन डोळ्यांत घुसतं, म्हणून परत आलेले लोक किल्ल्याचं कौतुक कमी आणि डोकेदुखीची तक्रार जास्त करायचे. मग मी त्या शहराचा नकाशा मागवला, भिंतींच्या उंच्या लिहून घेतल्या आणि किती वाजता कुठल्या बोळाची कुठली बाजू सावलीत असते याचा एक कागद बनवला. वेळ, जागा, सावली कुठे, असे तीन रकाने. डोक्यावर लाल शाईत एक ओळ: ऊन टाळा, सावली दिसेल तिथे थांबा. मालक खूश झाले. लोक त्याला सावलीचा कागद म्हणायला लागले.

माझी एकच अट होती. परत आल्यावर कागद मला आणून द्यायचा, आणि कुठे माझं चुकलं असेल तिथे पेन्सिलीने लिहायचं. कारण मी स्वतः ते शहर पाहिलेलंच नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ह्या वर्षी मात्र आमचं तिथे जायचं ठरलं होतं. आमच्या ह्यांनी एकतीस वर्षं घरोघर टपाल वाटलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका बाईंना त्या शहराची चित्रं असलेली कार्डं यायची. हे जिना चढता चढता चित्र बघायचे. "मजकूर वाचला नाही कधी," असं मला शपथेवर सांगायचे, "चित्राला कुणाची ना आहे?" उन्हातान्हात हिंडलेला हा माणूस दीड वर्षापूर्वी आजारी पडला. औषधांनी जीव वाचला, पण त्यांच्यामुळे ऊन बंद झालं. पंधरा मिनिटं ऊन लागलं तरी अंगावर चट्टे उठायचे. दीड वर्ष हे पडदा ओढलेल्या खिडकीशी बसून होते. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं, आणि माझ्यावर चिडणंसुद्धा कमी झालं, याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली.

मग एकदा डॉक्टर म्हणाले, सावलीत राहणार असाल तर तीन दिवस कुठे तरी जाऊन या. ह्यांनी दुसरं काही मागितलं नाही, त्या शहराचं नाव घेतलं. त्या संध्याकाळी भूक लागली असं हे स्वतःहून म्हणाले. मला माझा नवरा खुर्चीतून उठून चालताना परत बघायचा होता. बाकी माझं देवाकडे काही मागणं नव्हतं.

२

ह्यांच्यासाठी कागद करायचा म्हटल्यावर मी परत आलेले सगळे जुने कागद काढले. चार वर्षांचे, चाळीसच्या वर. एकेक कागद एकेक वेळी आला की मी चुका बघते आणि ठेवून देते. सगळे शेजारी शेजारी लावून कधी वाचले नव्हते.

किल्ल्यामागे एक चौक आहे, कोरड्या विहिरीचा. पावणेएकला लोक तिथून जातात. त्याच्या उत्तरेला भिंत, दक्षिणेला उतार, सगळं उघडं. दुपारी सूर्य दक्षिणेला. म्हणजे भिंतीची सावली पडणार ती भिंतीपलीकडे, चौकात नाही. हे शाळेतल्या मुलालाही कळेल. म्हणून मी लिहिलं होतं: सावली नाही, भराभर ओलांडा.

एकूणएक कागदावर ती ओळ खोडलेली होती. एकेक कागद येत होता तेव्हा माझं गणित पक्कं म्हणून मी ते दर वेळी सोडून दिलं होतं.

सगळ्यात जुन्या कागदावर, आमच्या गल्लीच्या तोंडाशी घड्याळं दुरुस्त करणारे काका बसतात त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं होतं: इथे सावली आहे, दोघांपुरती, छान गार. सहा महिन्यांनंतरच्या कागदावर: चौघे आरामात बसलो. पुढे: आठ-दहा माणसांची सोय आहे. गेल्या महिन्यात पाच मैत्रिणी गेल्या होत्या, त्यांनी लिहिलं होतं: विहिरीपासून पायऱ्यांपर्यंत लांबच लांब पट्टा, रुंदी सातएक फूट, ताई तुमची मोठी चूक.

माझ्या मनात पाल चुकचुकली. संशय हा माझा जुना धंदा आहे. भाजीवाल्याच्या तराजूपासून जावेच्या गोड बोलण्यापर्यंत मी कशावरही चटकन विश्वास ठेवत नाही. पण आधी संशय घ्यायचा तो स्वतःच्या कामावर, हेही मी कचेरीत शिकले. म्हणून मी नकाशा पसरला आणि सगळं पहिल्यापासून मोजलं. उत्तर तेच आलं. मग उलटं गणित केलं. त्या महिन्यात, त्या वेळी, सात फूट सावली पडायची असेल तर दक्षिणेच्या कडेला उभी असलेली वस्तू किती उंच हवी?

साडेपाच फूट. मी पेन्सिल खाली ठेवली आणि उगाचच उठून पाणी पिऊन आले.

३

कुंपण असेल, म्हटलं. नवीन बांधलं असेल, आणि दर वर्षी थोडं थोडं वाढवत असतील. मी आमची माणसं उतरतात त्या अतिथिगृहाच्या व्यवस्थापकांना फोन लावला. हे गृहस्थ एरवी इतके बोलतात की फोन कानापासून लांब धरावा लागतो.

"विहिरीच्या चौकात नवीन काही बांधलंय का हो? कुंपण, मांडव?"

"नाही बाई. तिथे काय बांधणार?"

"झाडं लावली?"

"झाड जगतंय होय तिथे?"

"मग सावली कसली पडते दुपारी?"

त्यांनी मागे कुणाला तरी भांडी घासायची थांबवायला सांगितलं. 

"आम्हाला काही दिसत नाही," ते म्हणाले. "ऊन असतं. आमच्या गच्चीवरून सगळा चौक दिसतो. तुमची माणसं येतात आणि उन्हात बसतात."

"उन्हात?"

"कधी पाच मिनिटं, कधी दहा. हसतात, फोटो काढतात. दुसरे प्रवासी त्या वेळेला थांबत नाहीत. तुमचा तो कागद हातात असतो ना, तेच थांबतात."

"तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?"

"आता काय सांगायचं, बाई," ते म्हणाले. "पाहुणे उन्हात बसले तर त्यांना उठवायचं का?" आणि कुणीतरी बोलावतंय म्हणून त्यांनी फोन ठेवला. कुणीही बोलावलेलं मला ऐकू आलं नव्हतं.

हा माणूस ताकास तूर लागू देत नाहीये, असंच मला वाटलं. त्याच्या चुलतभावाचं चहाचं दुकान दुसऱ्या रस्त्यावर असेल, लोक चौकात बसू नयेत म्हणून बोलत असेल. अशी दोन-तीन कारणं मी घरी जाईपर्यंत जमवली. घरी हे नवीन बूट घालून स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या मोजत होते.

"एकशे बारा," हे मला बघून म्हणाले. "काल नव्वदला दम लागला होता."

४

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाता जाता मी घड्याळवाल्या काकांकडे थांबले. एवढंसं दुकान, टेबल आणि दोन स्टुलं, पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून आमच्या घरातलं प्रत्येक घड्याळ ह्याच टेबलावर उघडलेलं आहे. काकू आत बसून गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या लावत होत्या.

"काका, त्या चौकातली सावली कशाची होती, आठवतं?"

"सावलीच होती ती," काका म्हणाले. "कशाची म्हणजे?"

"भिंतीची, छपराची. काही तरी असेल ना वर."

त्यांनी काकूंकडे बघितलं. दोघांनी खरंच आठवायचा प्रयत्न केला. मी त्यांच्या तोंडाकडे बारकाईने बघत होते. लपवत नव्हते. आठवतच नव्हतं.

"गार होतं," काकू म्हणाल्या. "इतकं गार मला नंतर कुठे वाटलं नाही. हल्ली तर ऊन सोसवतच नाही. अंगावर पडत नाही गं, अंगातून जातं."

त्यांनी फोटो काढून दाखवला. दगडावर काकू बसलेल्या, डोक्यावर बहिणीकडून मागून नेलेली रुंद काठाची टोपी, तिची एक बाजू मोडून खाली आलेली. शेजारी काका. दोघांच्या अंगावर सावली. मी चष्मा पुसून सावलीची कड बघितली. भिंतीची कड सरळ असते, छपराची सरळ असते. ही वर गोल होती. दोन गोल, शेजारी शेजारी.

"फोटो कुणी काढला?"

"टायमर लावून काढला," काका म्हणाले. "कुणी नव्हतंच तिथे."

मी फोटो परत दिला. काका एका घड्याळात डोकं घालून बसले होते, दिव्याचा उजेड त्यांच्या उजव्या खांद्यावरून येत होता.

"काका, दिवा डावीकडे ठेवा. तुमचीच सावली आड येईल."

"पूर्वी यायची," काका म्हणाले. "हल्ली नाही येत. बघ ना, काम कसं स्वच्छ दिसतं."

"दिवा बदललात?"

"नाही गं. तोच आहे."

मला टेबलावर वाकून बघायचं होतं. मी वाकले नाही. माझ्यासारख्या बाईने, जी शेजारणीने दिलेली वाटीसुद्धा उलटी करून बघते, तिने का बघितलं नाही याचं उत्तर मला आजही देता येत नाही. मी म्हटलं, उशीर होतोय, आणि निघाले. मागून काकू म्हणाल्या, "आम्ही परत जातोय, पुढच्या महिन्यात. मालकांना सांगून ठेव. इथे कसं नुसतं बसून असल्यासारखं वाटतं."

५

ऑफिसात मालकांच्या खुर्चीमागे एक फळा आहे. परत आलेल्या लोकांचे फोटो त्यावर टाचलेले असतात. मालक बाहेर गेल्यावर मी पाच मैत्रिणींचा फोटो काढून दिव्याखाली नेला आणि भिंग लावलं.

पाचही जणी उघड्या डोक्याने बसलेल्या. सावलीची कड त्यांच्या पायांपुढून, फोटोच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली. ती कड गोल गोल होती, खांद्याला खांदा लावून माणसं उभी राहिली की डोक्यांची रांग दिसते तशी. मी मोजायला लागले. सदतिसावं डोकं लहान होतं, मुलाचं. पहिल्या दोन डोक्यांपैकी एकाला रुंद काठ होता, आणि त्याची एक बाजू मोडून खाली आली होती.

मी फोटो जागेवर टाचला. 

मालक आल्यावर मी त्यांना सरळ विचारलं, "त्या शहराला दुसऱ्यांदा जाणारे किती आहेत हो?"

"पुष्कळ. दुसऱ्या कुठल्याच सहलीला इतके नाहीत. तुमच्या कागदाची कृपा, बाई."

"ते परत आले का?"

"म्हणजे काय?"

"दुसऱ्यांदा गेलेल्यांपैकी एकाचाही कागद माझ्याकडे नाही. मी आत्ताच तुमच्या यादीशी ताडून बघितलं. एकही नाही."

मालक हसले. "मोठी माणसं आहेत, बाई. दुसऱ्यांदा जाणारे परतीचं तिकीट आपलं आपण काढतात, चार दिवस जास्त राहतात. तुमचा कागद आणून द्यायला त्यांना दुसरा उद्योग नाही का?" बोलणं पटण्यासारखं होतं. मालकांचं बोलणं नेहमीच पटण्यासारखं असतं, म्हणूनच त्यांचा धंदा चालतो. मी यादीतले चार नंबर फिरवले. चारही वाजत राहिले.

घरी जाऊन मी ह्यांना सांगितलं की आपण दुसरीकडे कुठे तरी जाऊ. तळ्याकाठी, डोंगरावर, कुठेही.

"का?" हे म्हणाले.

मी सांगायला लागले आणि माझं मलाच ऐकू यायला लागलं. सावली. फोटोतली टोपी. न उचललेले फोन. हे शांतपणे ऐकत होते.

"तू रस्त्यात मांजर आडवं गेलं तर मांजराची चौकशी करणारी बाई," हे म्हणाले. "तुला काय झालंय?"

"मला भीती वाटते, अहो. तुम्ही तिथे जाऊ नये असं मला वाटतं."

 ह्यांनी खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढले, एकाला एक लावून खोक्यात ठेवले, आणि खोकं कपाटावर टाकलं. मग जाऊन खिडकीशी बसले. पडदा होता तसाच होता. रात्रीचं जेवण झाकून ठेवलं ते सकाळी तसंच टाकून द्यावं लागलं.

तीन दिवस मी ते बघितलं. चौथ्या दिवशी मीच स्टुलावर चढून खोकं खाली काढलं.

"मी बरोबर येणार," मी म्हटलं. "आणि मी सांगीन त्याच रस्त्याने चालायचं."

"एकतीस वर्षं दुसऱ्यांनी लिहिलेल्या पत्त्यावरच गेलोय," हे म्हणाले, आणि पाय पुढे केला, म्हणजे नाड्या मी बांधाव्यात.

ह्या वेळी मी कागद नव्या नकाशावर पहिल्यापासून काढला. विहिरीच्या चौकाच्या आसपासचे तीन बोळ वगळले. दुपारी बारा ते तीन खोलीत, दारं लावून. जिथे सावली नाही तिथे छत्री, असं स्वच्छ लिहिलं आणि काळी मोठी छत्री पिशवीत घातली, वर सुतळीची माझी गाठ मारून. डोक्यावरची लाल ओळ छापील कागदावर आधीच असते. तिच्याकडे माझं लक्षही गेलं नाही.

६

सहल छान झाली, हे मला सांगितलंच पाहिजे. मी संशयाने डोळे फाडफाडून बघत होते, तरी छान झाली. हे पहिल्या दिवशी किल्ल्याच्या दारापर्यंत चालले. कार्डावरचं चित्र ज्या जागेवरून काढलेलं होतं ती जागा ह्यांनी बरोबर शोधली, आणि तिथे उभं राहून मला म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंना आता मी कार्ड पाठवतो." दुपारी आम्ही खोलीत पत्ते खेळलो. हे तीनदा लबाडी करून जिंकले आणि मी चौथ्यांदा पकडलं. संध्याकाळी दोन पोळ्या जास्त जेवले. मला भरून आलं आणि मी ते खोकल्याच्या नावावर खपवलं.

व्यवस्थापक गृहस्थ माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. गच्चीवर मी एकदाही गेले नाही.

शेवटच्या दिवशी सकाळी दहाची बस होती. ती उशिरा आली. बसथांबा म्हणजे उघडं मैदान, मी कागदावर तसं लिहिलंच होतं. ह्यांच्या मानेवर लाली दिसायला लागली तशी मी घाबरले, पण मग सोय झाली, आम्ही एका जागी उभे राहिलो, गार होतं. चार-पाच मिनिटांत बस आली. सामान वर चढवलं, खिडकीची जागा मिळाली, हे माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. अंगावर एकही चट्टा उठला नाही. देवा, सुटलो एकदाचे, असं मी मोठ्याने म्हटलं आणि पुढच्या सीटवरच्या बाईने वळून बघितलं.

७

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिशव्या रिकाम्या करायला घेतल्या. ह्यांनी कागद घडी घालून माझ्यासाठी चहाच्या कपाखाली ठेवला होता. माझी अट ह्यांना पाठ. प्रत्येक ठिकाणी टपालवाल्याच्या नेटक्या अक्षरात बरोबर, बरोबर, बरोबर असं लिहिलेलं. एके ठिकाणी, पायऱ्या चौदा नाहीत, सोळा आहेत. मला हसू आलं.

शेवटची ओळ बसथांब्याची होती. मी लिहिलं होतं: सावली नाही, छत्री उघडा. ते सरळ रेघेने खोडलेलं होतं. पुढे ह्यांनी लिहिलं होतं: सावली होती. दोघांपुरती. छान गार.

मी कपाटाशी गेले. छत्री पिशवीत होती. सुतळीची गाठ मी मारली होती तशीच होती.

"अहो," मी हाक मारली. "बसथांब्यावर आपण कशाच्या सावलीत उभे होतो?"

हे खिडकीशी होते. "सावलीतच होतो," हे म्हणाले. "कशाच्या म्हणजे?"

मी आठवायला बसले. बस आठवली. माझ्या हातातली पिशवी आठवली, तिचा तुटका बंद. समोरच्या मैदानात पडलेलं लखलखीत ऊन आठवलं. वर काय होतं ते आठवेना. आजूबाजूला काय होतं तेही आठवेना. गार होतं. मी चौक वगळला, तीन बोळ वगळले, नकाशाशी चार रात्री झटापट केली, आणि चौकातलं ते जे काही होतं, ते माझा कागद हातात घेतलेल्या माणसांकडे, मी जिथे पाठवीन तिथे, आलं होतं. आणि कागदाच्या डोक्यावर माझ्याच लाल शाईत लिहिलेलं होतं की सावली दिसेल तिथे थांबा. आम्ही थांबलो होतो.

ह्यांनी पडदा बाजूला केला होता. दीड वर्षात पहिल्यांदा. सकाळचं ऊन फरशीवर आलं होतं, गजांची सावली, खुर्चीची सावली, खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या कपाची. ह्यांचा हात कपाच्या कानात होता. मी मान फिरवली. दुसऱ्यांदा मी बघितलं नाही.

"ऊन लागेल," मी म्हटलं. 

"लागत नाही गं," हे आनंदाने म्हणाले. "काहीच लागत नाही."

८

निदान दुसरं कुणी जाऊ नये, एवढं तरी माझ्या हातात होतं. मी त्याच दिवशी ऑफिसात गेले. वाटेत घड्याळवाल्यांचं दुकान बंद होतं, दारावर काकांच्या बारीक अक्षरात चिठ्ठी: सहलीला गेलो आहोत. किती दिवस ते लिहिलेलं नव्हतं.

मी छापील कागदांचा गठ्ठा फाडून टाकला. नवा कोरा कागद घेतला, लाल ओळ नसलेला, आणि रकाने आखायला बसले. काम असं झालं की विचारू नका. रेघा केसासारख्या बारीक आणि सरळ. चोवीस वर्षांत इतकं स्वच्छ काम मी केलं नसेल. दोन तास गेले आणि खोडरबरला हात लावावा लागला नाही.

सफाईच्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. "बाई, आज बोलला नाहीत मला?"

"का?"

"पुसताना चुकून उजवीकडे ठेवला की मी. तुमचा दिवा."

मी मान वर केली. दिवा उजवीकडे होता. सकाळपासून तिथेच होता. मावशी गेल्या. मी हात कागदावर धरला. पेन्सिलीची सावली टोकापासून निघून, बोटं होती तिथून आरपार, थेट मागच्या टोकापर्यंत पडली होती. मी बोटं पसरली. मग दोन्ही हात धरले. कागद पांढरा होता.

फोन वाजला. हे होते.

"अगं, पुढच्या महिन्यात परत जाऊया का? इथे कसं नुसतं बसून असल्यासारखं वाटतं."

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. ह्या माणसासाठी मी जगाशी भांडले असते. "जाऊया," मी म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं, कारण आठवण झाली होती ती त्या गारव्याची.

"कागद करशील ना?"

"करते."

फोन ठेवल्यावर मी तशीच बसून राहिले. एवढं सगळं समोर होतं, तर माझ्यासारख्या बाईच्या मनात आता पाल चुकचुकायला हवी होती. मी तिची बराच वेळ वाट बघितली.